थंड भिंत, गरम भिंत आणि माख ६ चा सीमास्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक.चा प्रकल्प, ७ अंश अर्धकोनाचा टोकदार शंकू, वेग माख ६, म्हणजे ध्वनीच्या सहापट. पाठ्यपुस्तकात लिहिलंय की पृष्ठभाग थंड केला की त्याला चिकटून वाहणारा हवेचा थर, म्हणजे सीमास्तर, शांत राहतो. मार्गदर्शक सांगतात की हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या साधारण पाचपटीपुढच्या, वेगाला थंड पृष्ठभागामुळे अस्थिरता उलट वाढते. खरं कुणाचं? आणि सिम्युलेशनमध्ये पृष्ठभागाचं तापमान सरसकट ३०० केल्व्हिन धरलं तर चालेल का?

पाठ्यपुस्तकही बरोबर आहे आणि मार्गदर्शकही. सीमास्तरात उठणाऱ्या लाटा एकाच जातीच्या नसतात, आणि दोघं वेगवेगळ्या लाटांबद्दल बोलताहेत, एवढंच. ३०० केल्व्हिनचं म्हणाल, तर तुमचा शंकू विंड टनेलमध्ये (हवा वाहवून मॉडेल तपासायच्या बोगद्यात) आहे की आकाशात, त्यावर उत्तर अवलंबून आहे. बावीस वर्षं विंड टनेलच्या कंट्रोल रूममध्ये काढल्यावर माझं ठाम मत झालंय की या विषयातला निम्मा गोंधळ ‘गरम’ आणि ‘थंड’ हे शब्द मोघम वापरल्यामुळे होतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

३० किलोमीटर उंचीवर हवेचं तापमान सुमारे २२६ केल्व्हिन असतं. तिथे माख ६ म्हणजे सेकंदाला साधारण १८१० मीटर. डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या हायपरसॉनिक चाचणी-वाहनाची ७ सप्टेंबर २०२० ची चाचणी याच उंची-वेगाच्या आसपासची, म्हणून हे उदाहरण घेतलं. एवढ्या वेगाची हवा पृष्ठभागाशी येऊन थांबते तेव्हा तिची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. पृष्ठभागाने जराही उष्णता आत ओढून घेतली नाही, तर त्याचं तापमान चढत चढत जिथे स्थिरावेल त्याला रिकव्हरी तापमान म्हणतात. लॅमिनार, म्हणजे थराथरांत शांत वाहणाऱ्या, सीमास्तरासाठी आदर्श वायूचं गणित केलं तर या उदाहरणात ते १६०० केल्व्हिनच्या आसपास येतं. पण उड्डाणाच्या पहिल्या काही सेकंदांत वाहनाचं कवच असतं ४००, ५००, फार तर ६०० केल्व्हिन. ५०० केल्व्हिन म्हणजे २२७ अंश सेल्सिअस, हात लावला तर कातडी सोलून निघेल. तरीही सीमास्तराच्या हिशेबात ती भिंत गारठलेली आहे, कारण ५०० भागिले १६०० म्हणजे जेमतेम ०.३.

आता टनेलमध्ये या. माख ६ च्या ठरावीक ब्लोडाउन टनेलमध्ये, म्हणजे टाकीत दाबून भरलेली हवा सोडून चालणाऱ्या टनेलमध्ये, हवा साधारण ४३० केल्व्हिनपर्यंत तापवून सोडतात. नॉझलमधून प्रसरण पावता पावता ती ५३ केल्व्हिनवर, म्हणजे उणे २२० अंशांवर येते. तेवढी न तापवता सोडली तर वाटेतच तिचं द्रव व्हायला लागेल. या प्रवाहाचं रिकव्हरी तापमान येतं सुमारे ३७४ केल्व्हिन. मॉडेल खोलीच्या तापमानाला, ३०० केल्व्हिनवर. गुणोत्तर ०.८. माख संख्या तीच आणि शंकूही तोच, तरी टनेलमधली गार लागणारी भिंत प्रवाहासाठी गरम आहे आणि आकाशातली चटका देणारी भिंत थंड. तेव्हा पृष्ठभागाचं तापमान नुसत्या केल्व्हिनमध्ये कधीच लिहू नका. भिंतीचं तापमान भागिले रिकव्हरी तापमान, हेच लिहा. पुढचं सगळं त्या गुणोत्तरावर चालतं.

आता पाठ्यपुस्तक काय म्हणतं ते पाहू. हवेची श्यानता, म्हणजे चिकटपणा, तापमानाबरोबर वाढते. पाण्याचं बरोबर उलट असतं, म्हणून पाण्याखालच्या वस्तूचा पृष्ठभाग तापवला तर तिथला सीमास्तर स्थिर होतो. हवेत भिंत थंड केली की भिंतीलगतचा थर कमी चिकट होतो आणि वर जावं तशी श्यानता वाढत जाते. त्यामुळे वेगाचा आलेख भिंतीपाशी भरीव, फुगीर होतो. त्यात नतिबिंदू, म्हणजे आलेखाचा बाक जिथे उलटतो ती जागा, राहत नाही. असा आलेख लहानसहान लाटांना सहज दाद देत नाही. भिंत तापवली की नेमकं उलट होतं: आलेख पोकळ होतो, नतिबिंदू उगवतो आणि लाटा वाढायला लागतात.

लेस्टर लीस आणि सी. सी. लिन यांनी १९४६ मध्ये हाच विचार संपीड्य, म्हणजे वेगामुळे घनता बदलणाऱ्या, हवेपर्यंत नेला. तिथे नुसता वेगाचा आलेख पुरत नाही, घनता आणि वेगाचा उतार यांचा गुणाकार बघावा लागतो. त्यातून लीस यांनी पुढच्याच वर्षी निष्कर्ष काढला की भिंत पुरेशी थंड केली तर लॅमिनार सीमास्तर कुठल्याही रेनॉल्ड्स संख्येला (प्रवाहाचा जोर भागिले श्यानतेचा जोर) स्थिर राहायला हवा. त्या काळच्या अभियंत्यांना केवढा हुरूप आला असेल विचार करा. कवच थंड ठेवा, प्रवाह आपोआप गुळगुळीत राहील, उष्णता कमी येईल आणि कवच आणखी थंड राहील.

त्यांच्या गणितात चूक नव्हती. त्यांनी मोजलेली लाट मात्र एकाच जातीची होती. आज तिला आपण पहिला मोड म्हणतो. ती कमी वेगाच्या टोल्मीन-श्लिश्टिंग लाटेच्या घराण्यातली आहे, वाहत्या दिशेला तिरकी धावते आणि भिंत थंड केली की खरोखर मवाळ होते. माख २, ३, साडेतीनपर्यंत तिचंच राज्य चालतं. त्या पट्ट्यात तुमचं पाठ्यपुस्तक शब्दशः खरं आहे.

पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत लेस्ली मॅक यांनी १९६० च्या दशकात संगणकावर ही समीकरणं सोडवली, तेव्हा त्यांना आणखी लाटा सापडल्या. एक-दोन नाहीत, एक अख्खी मालिका. त्यातली सर्वांत जोमदार म्हणजे दुसरा मोड. माख ४ च्या पुढे, भिंत रिकव्हरी तापमानाच्या आसपास असेल तर, हाच मोड सर्वांत वेगाने वाढतो. तुमच्या मार्गदर्शकांच्या मनात हा मोड आहे.

दुसरा मोड म्हणजे मुळात ध्वनी. विहिरीत हाक मारली की ती भिंतींमध्ये घुमत राहते, तसा हा ध्वनी सीमास्तरात अडकून घुमतो. अडकतो कसा, हे समजलं की तापमानाचा सगळा प्रश्न उलगडतो, म्हणून इथे जरा थांबते.

ही लाट बाहेरच्या हवेच्या साधारण ९० टक्के वेगाने पुढे धावते. कल्पना करा की तुम्ही त्या लाटेवर बसला आहात. भिंतीलगतची हवा जवळजवळ स्थिर आहे, म्हणजे तुमच्या नजरेला ती प्रचंड वेगाने मागे पळताना दिसेल, स्थानिक ध्वनिवेगापेक्षाही जास्त वेगाने. भिंतीपासून वर जाऊ लागलात की हा सापेक्ष वेग कमी होत जातो आणि एका उंचीवर तो ध्वनिवेगाच्या बरोबरीला येतो. ती रेषा म्हणजे विहिरीची वरची भिंत. खालची भिंत म्हणजे शंकूचा पृष्ठभाग. दोन्हींच्या मध्ये ध्वनी खालवर आपटत पुढे सरकतो आणि सीमास्तराच्या ऊर्जेवर पोसत वाढत जातो. यासाठी नतिबिंदूची अट नाही. सापेक्ष सुपरसॉनिक पट्टा असला की पुरे. म्हणून नतिबिंदू पुसून टाकण्याची लीस यांची युक्ती या लाटेवर चालत नाही.

आता भिंत थंड करा. ध्वनिवेग तापमानाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो, म्हणजे भिंतीलगत तो घसरणार. ३० किलोमीटरच्या उदाहरणात भिंत रिकव्हरी तापमानाला, १६०० केल्व्हिनवर असेल, तर तिथे ध्वनिवेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर. लाटेचा वेग १६६५ मीटर धरा. सापेक्ष माख संख्या येते २.१. तीच भिंत ५०० केल्व्हिनवर आणा: ध्वनिवेग ४४८ मीटर आणि सापेक्ष माख ३.७. विहीर खोल झाली आणि तिच्यातली हवा दाट झाली. लाट अधिक घट्ट अडकते आणि अधिक जोमाने वाढते. आता टनेलमधल्या शंकूचा हाच हिशेब करून पाहा. हवेचा वेग सेकंदाला ८७४ मीटर, लाटेचा सुमारे ८०४ आणि ३०० केल्व्हिनच्या भिंतीपाशी ध्वनिवेग ३४७. उत्तर २.३. म्हणजे तुमचा टनेलमधला शंकू आकाशातल्या १६०० केल्व्हिनच्या तापलेल्या भिंतीचा सख्खा भाऊ आहे, ५०० केल्व्हिनच्या भिंतीचा नाही.

हे केवळ कागदावर राहिलेलं नाही. नोव्होसिबिर्स्कच्या लायसेंको आणि मास्लोव यांनी १९८४ मध्ये थंड केलेल्या पट्टीवर मोजमापं प्रसिद्ध केली: पहिला मोड शांत झाला, दुसरा चेकाळला. केनेथ स्टेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेनेसीतल्या तुलाहोमाच्या टनेलमध्ये माख ८ ला, तुमच्यासारख्याच ७ अंशांच्या शंकूवर, वर्षानुवर्षं हॉट-वायर (प्रवाहाची थरथर टिपणारी तापवलेली बारीक तार) फिरवून सीमास्तर तपासला. त्या मालिकेचा एक भाग फक्त थंड केलेल्या मॉडेलला वाहिलेला होता. निकाल मॅक यांच्या बाजूने गेला. लाटांचे हे जुने आलेख मिळवून नुसते शांतपणे बघा. एकाच टोकदार शिखरात एवढी ऊर्जा कशी साठते हे डोळ्यांनी पाहिलं की दुसरा मोड आयुष्यभर लक्षात राहतो.

त्या शिखराची वारंवारता काढायची सोपी रीत सांगते. दुसऱ्या मोडची तरंगलांबी सीमास्तराच्या जाडीच्या साधारण दुप्पट असते. टनेलमध्ये शंकूवरचा सीमास्तर १ मिलिमीटर जाड असेल तर लाटेचा वेग ८०४ भागिले ०.००२, म्हणजे सुमारे ४०२ किलोहर्ट्झ. आपल्या कानाची हद्द २० किलोहर्ट्झला संपते. सीमास्तर पातळ झाला की वारंवारता चढते, बासरीवर हवेचा स्तंभ आखूड झाला की सूर चढतो तशी. आणि भिंत थंड झाली की सीमास्तर पातळ होतो. थोडक्यात, थंड भिंतीवर दुसरा मोड जोरात आणि वरच्या पट्टीत गातो.

हे मला पुस्तकाने शिकवण्याआधी एका मॉडेलने शिकवलं. एका टनेलवर आम्ही अशाच शंकूवर दिवसभर रन घेत होतो. पृष्ठभागात दाबाचे पिझो सेन्सर बसवलेले होते. सकाळच्या पहिल्या रनला शिखर जिथे होतं, तिथून ते प्रत्येक रनला काही किलोहर्ट्झ खाली सरकत गेलं आणि थोडं थोडं बुटकंही होत गेलं. स्टॅग्नेशन दाब, म्हणजे नॉझलमधून सुटण्याआधी थांबलेल्या हवेचा दाब, तोच, तापमान तेच. आमच्या तरुण सहकाऱ्याने आधी अ‍ॅम्प्लिफायरवर संशय घेतला, मग केबल बदलल्या, मग सेन्सरची अदलाबदल केली. दुपारी जेवणाआधी मी टेस्ट सेक्शन उघडायला लावलं आणि मॉडेलवर तळहात ठेवला. चहाच्या किटलीसारखं लागलं. सकाळी पंचविशीत असलेली भिंत पन्नाशीच्या पुढे गेली होती. दोन रनच्या मध्ये आम्ही टाकीत दाब भरेपर्यंत थांबत होतो, पण मॉडेल निवायला तेवढा वेळ पुरत नव्हता. भिंत तापली, सीमास्तर किंचित जाड झाला, सूर उतरला आणि दुसऱ्या मोडची वाढही मंदावली. संध्याकाळी गणित करून पाहिलं तर सरकणं जवळपास तंतोतंत जुळलं. आमच्या लॉगबुकात दाबाचा रकाना होता, हवेच्या तापमानाचा होता, बाहेरच्या आर्द्रतेचासुद्धा होता. भिंतीच्या तापमानाचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो आला, आणि तापमान मोजणारे थर्मोकपल एक नाही, चार बसले: टोकापाशी, मध्ये दोन आणि बुडाशी. कारण टोकाला धातू कमी असतो आणि तो बाकीच्या अंगापेक्षा फार लवकर तापतो.

आता तुमच्या मनात पुढचा प्रश्न आला असेल: मग थंड भिंतीवर ट्रान्झिशन, म्हणजे शांत लॅमिनार प्रवाह मोडून टर्ब्युलंट (खळबळता) होणं, आधी होणार, हे नक्की ना? इथे घाई करू नका. एखादी लाट जोराने वाढते म्हणजे प्रवाह लगेच टर्ब्युलंट होतो असं नाही. ती किती लहानपणापासून सुरू झाली आणि किती अंतर वाढत राहिली, हेही बघावं लागतं. आपण वाढीचा दर शंकूच्या लांबीवर बेरजेत घेतो आणि त्याला एन गुणक म्हणतो. लाट मूळच्या ई-चा-एनवा-घात पट झालेली असते. एन ५ असेल तर सुमारे १५० पट, १० असेल तर २२ हजार पट. साध्या टनेलमध्ये नॉझलच्या भिंतींवरचा टर्ब्युलंट सीमास्तर सतत आवाज करत असतो, दाबाची खळबळ सरासरीच्या टक्का-दोन टक्के सहज असते. तिथे एन ५ च्या आसपासच ट्रान्झिशन होतं. पर्ड्यू विद्यापीठाच्या माख ६ च्या शांत टनेलमध्ये हा आवाज ०.०५ टक्क्याच्याही खाली ठेवतात, आणि शांत हवेत एन १० च्याही पुढे जातो. त्यातच थंड भिंत लाटेला वरच्या वारंवारतेला ढकलते, आणि तेवढ्या वरच्या वारंवारतेला वातावरणात मूळ खळबळ फारच थोडी असते. लाट जोमदार, पण बीज अशक्त. भिंत थंड केल्यावर ट्रान्झिशन कुठे होईल, हे या दोघांच्या झटापटीत ठरतं. म्हणून ‘थंड भिंत म्हणजे आधी ट्रान्झिशन’ हे वाक्य मी विद्यार्थ्यांना लिहू देत नाही. ‘थंड भिंतीवर दुसऱ्या मोडचा वाढीचा दर जास्त’ एवढंच लिहा, ते खरं आहे.

एक गोष्ट मात्र थंड भिंतीवर हमखास बिघडते, आणि प्रत्यक्ष वाहनासाठी मला ती दुसऱ्या मोडपेक्षाही महत्त्वाची वाटते: खडबडीतपणा. भिंत ५०० केल्व्हिनवर असेल तर भिंतीलगतची हवा १६०० केल्व्हिनच्या मानाने तिपटीहून दाट असते, कारण सीमास्तराच्या आरपार दाब तोच राहतो. श्यानता निम्म्यावर येते. म्हणजे त्याच उंचवट्याची त्याच्या माथ्यावरची रेनॉल्ड्स संख्या सहापटीहून जास्त होते, आणि शिवाय सीमास्तर पातळ झाल्यामुळे तो उंचवटा वेगवान हवेत डोकं काढतो तो वेगळाच. गरम भिंतीवर जी पायरी कुणाच्या लेखी नसेल, ती थंड भिंतीवर प्रवाह मोडते.

२००५ मध्ये डिस्कव्हरी शटलच्या पोटावर दोन टाइल्सच्या फटींतून गॅप फिलर नावाच्या पातळ पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. ३ ऑगस्टला स्टीफन रॉबिन्सन या अंतराळवीराने यानाच्या खालच्या बाजूला जाऊन त्या हाताने उपटून काढल्या. दोन पट्ट्यांसाठी एवढा खटाटोप का? कारण त्या राहिल्या असत्या तर परतीच्या वाटेवर त्यांच्या मागचा प्रवाह वेळेआधी टर्ब्युलंट होण्याची भीती होती, आणि टर्ब्युलंट प्रवाह लॅमिनारच्या कित्येक पट उष्णता भिंतीत ओततो. पुढे २००९ मध्ये नासाने त्याच डिस्कव्हरीच्या पंखाखाली एका टाइलवर मुद्दाम पाव इंचाचा उंचवटा ठेवला आणि परतीच्या वेळी त्याच्या मागे काय होतं ते मोजलं. प्रत्यक्ष उड्डाणातली अशी मोजमापं दुर्मीळ असतात, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा वाचावीत असं मला वाटतं.

खडबडीतपणामुळेच या विषयाचा इतिहासही थोडा गढूळ झालाय. १९५० च्या दशकात क्लीव्हलंडच्या लुईस प्रयोगशाळेत शंकू थंड करत नेले तेव्हा आधी ट्रान्झिशन मागे सरकलं, लीस यांच्या म्हणण्याप्रमाणे. पण आणखी थंड केल्यावर ते अचानक पुढे आलं. त्याला उलटापालट, ट्रान्झिशन रिव्हर्सल, असं नाव पडलं आणि त्यावर बरीच वर्षं वाद चालले. त्यातला एक संशयित होता दहिवर. अतिथंड मॉडेलवर हवेतला ओलावा गोठतो आणि त्याचे बारीक कण सँडपेपरसारखे वागतात. टनेलमध्ये मॉडेल थंड करण्याचा बेत आखलात तर हे डोळ्यांसमोर ठेवा. उड्डाणाचं ०.३१ हे गुणोत्तर ३७४ केल्व्हिनच्या रिकव्हरी तापमानाला साधायचं तर भिंत ११६ केल्व्हिनवर, उणे १५७ अंशांवर न्यावी लागेल. म्हणजे द्रव नायट्रोजन. हवा कितीही सुकवली तरी दहिवराचा धोका राहतो, आणि टोक व मधला भाग वेगळ्या धातूंचे असतील तर आकुंचनाने जोडावर पायरी तयार होते. मोजायला जाल तापमानाचा परिणाम आणि मोजून याल पायरीचा.

शॉक टनेलमध्ये, म्हणजे धक्कालहरीने हवा क्षणात तापवणाऱ्या टनेलमध्ये, हे गुणोत्तर फुकट मिळतं. तिथे हवेचं स्टॅग्नेशन तापमान काही हजार केल्व्हिन असतं, मॉडेल खोलीच्या तापमानाला, आणि चाचणी मिलिसेकंदांत संपते, भिंतीला तापायला वेळच मिळत नाही. गुणोत्तर ०.१ पर्यंत सहज उतरतं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत शॉक टनेल आहेत, तुमच्या मार्गदर्शकांची ओळख असेल तर जरूर बघून या. पण तिथे सीमास्तर इतका पातळ होऊ शकतो की दुसरा मोड मेगाहर्ट्झच्या घरात जातो आणि पृष्ठभागातले सेन्सर हात टेकतात. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या टी५ या शॉक टनेलमध्ये म्हणूनच लेझरच्या व्यतिकरणाने हवेच्या घनतेची थरथर मोजण्याची पद्धत वापरली गेली. शिवाय एवढ्या तापमानाला रेणू स्वतः कंप पावू लागतात, काही फुटतात, आणि वायू आदर्श राहत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये हे कंपन ध्वनीची ऊर्जा शोषून घेतं आणि दुसरा मोड दबतो. मंगळावर उतरणाऱ्या यानांचं गणित करणाऱ्यांना हे पदरात पडलेलं दान आहे.

त्याच टी५ मध्ये या शतकाच्या सुरुवातीला एक प्रयोग झाला, तो माझा फार आवडता आहे. दुसरा मोड हा ध्वनी आहे, तर भिंतच ध्वनी शोषणारी का करू नये, असा विचार अलेक्झांडर फेडोरोव आणि नॉर्मन मालमथ यांनी मांडला. मग ५ अंशांच्या एका शंकूचा अर्धा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवला आणि उरलेल्या अर्ध्यावर ६० मायक्रॉन व्यासाची, एकमेकांपासून १०० मायक्रॉनवर, ५०० मायक्रॉन खोल भोकं पाडली. एकाच रनमध्ये, एकाच हवेत, गुळगुळीत बाजूला ट्रान्झिशन झालं आणि भोकांच्या बाजूला ते लांबलं. भिंतीचं तापमान आपल्या हातात नसतं, ते उड्डाण ठरवतं. भिंतीची जडणघडण हातात असते. नंतर जर्मनीत कार्बन-कार्बनसारख्या मुळातच सच्छिद्र उष्णतारोधक साहित्यावर याच दिशेने काम झालं, ते मला जास्त व्यवहार्य वाटतं. करोडो भोकं पाडत कोण बसणार?

तुम्ही विचारलं नाहीत, तरी हेही सांगते की ट्रान्झिशन लांबवणं हेच नेहमी उद्दिष्ट नसतं. स्क्रॅमजेटच्या, म्हणजे सुपरसॉनिक प्रवाहातच इंधन जाळणाऱ्या इंजिनाच्या, इनटेकमध्ये लॅमिनार सीमास्तर दाबवाढीपुढे पृष्ठभागापासून सहज सुटतो आणि इंजिनाची हवाच कोंडते. नासाच्या एक्स-४३ए या स्क्रॅमजेट चाचणी-विमानावर म्हणून पुढच्या अंगावर मुद्दाम उंचवट्यांची रांग बसवली होती. ती किती उंच हवी, हे पुन्हा त्या क्षणी भिंत किती तापलेली असेल त्यावर ठरतं.

आता तुमचं सिम्युलेशन. टनेलच्या निकालांशी ताडून बघायचं असेल तर ३०० केल्व्हिन ही सुरुवात म्हणून ठीक, पण मोजलेलं तापमान मिळत असेल तर टोकापासून बुडापर्यंतचं खरं वितरण टाका. उड्डाणासाठी ३०० सरसकट टाकू नका, आणि अ‍ॅडियाबॅटिक भिंत, म्हणजे जराही उष्णता आत न घेणारी भिंत, तर मुळीच नको. २२ मार्च २०१० ला ऑस्ट्रेलियातल्या वूमेरावरून उडालेल्या हायफायर-१ या चाचणी-रॉकेटचा शंकूही ७ अंशांचाच होता. तसं उड्डाण डोळ्यांसमोर आणा: निघताना कवच वाळवंटातल्या सकाळच्या तापमानाला असतं, वेग वाढतो तसं रिकव्हरी तापमान झपाट्याने वर जातं आणि जाड धातू मागे रेंगाळत तापतो. गुणोत्तर क्षणाक्षणाला बदलतं. तुम्हाला प्रक्षेपमार्गावरचे चार-पाच बिंदू घेऊन, प्रत्येकासाठी कवचाच्या उष्णतावहनाचं गणित करून, त्या क्षणाचं भिंतीचं तापमान काढावं लागेल. मग त्यावर सरासरी प्रवाह आणि त्यावर स्थिरतेचं गणित.

इथेच बहुतेक विद्यार्थी अडखळतात. सरासरी प्रवाहाला भिंत अ‍ॅडियाबॅटिक धरली म्हणून ते लाटेलाही तीच अट लावतात. तसं करू नका. दुसऱ्या मोडची लाट सेकंदाला तीन लाख वेळा थरथरते. एवढ्या घाईत उष्णता स्टेनलेस स्टीलमध्ये किती खोल शिरेल? हिशेब केला तर सुमारे २ मायक्रॉन. भिंतीला त्या थरथरीची खबरही लागत नाही. म्हणून सरासरी तापमान काहीही असो, लाटेसाठी भिंतीवरचा तापमानाचा चढउतार शून्य धरायचा.

सुरुवातीला तीनच रन करा. शंकू तोच, माख ६, युनिट (दर मीटरची) रेनॉल्ड्स संख्या तीच, आणि भिंतीचं गुणोत्तर ०.३, ०.५ व ०.८. तिन्हींसाठी पहिल्या आणि दुसऱ्या मोडचा वाढीचा दर वेगवेगळा काढा, पहिल्यासाठी तिरक्या लाटा धरायला विसरू नका, त्यांचा कोन ५० ते ६० अंशांच्या आसपास शोधा. ०.३ च्या रनमध्ये पहिला मोड जवळजवळ दिसेनासा झालेला असेल आणि दुसऱ्याचं शिखर उंच होऊन वरच्या वारंवारतेकडे सरकलेलं असेल. तसं दिसलं नाही तर आधी सिम्युलेशनमधली भिंतीलगतची गणिती बिंदूंची जाळी तपासा. थंड भिंतीवर तापमानाचं शिखर भिंतीपासून थोडं वर, आत हवेत असतं, आणि ०.८ साठी पुरलेले बिंदू तिथे ०.३ ला पुरत नाहीत.